परळचे बारा महिने

वैद्यकीय महाविद्यालयातील आठवणी लिहिताना आपण डॉक्टर मंडळी बहुधा शवविच्छेदनाचा पहिला दिवस, करड्या शिस्तीचे प्राध्यापक आणि तोंडी परीक्षेतील फजिती यांपलीकडे जात नाही. असे लेख आपल्या स्मरणिकेत पुष्कळ आले आहेत आणि ते मी आवडीने वाचले आहेत. यंदा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मात्र वॉर्डाबाहेरच्या वेळेविषयी लिहावे असे वाटले. इंटर्नशिपच्या वर्षात ड्यूटी संपल्यावर आपण कोठे भटकलो, कोणाकडे जेवलो, काय पाहिले, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पुढील तीस वर्षे निपाणीत प्रॅक्टिस करताना मला जे उपयोगी पडले, त्यातील बराच भाग या नोंद न झालेल्या तासांतला आहे.

माझे एम.बी.बी.एस. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात झाले. त्या काळी आमचे विद्यापीठ धारवाडचे. इंटर्नशिपचे वर्ष मुंबईत काढण्याची परवानगी मी मागितली आणि निरनिराळे ना-हरकत दाखले गोळा करण्यात दीड महिना घालवला. मार्च १९९४ मध्ये निपाणीहून एस.टी.ने कोल्हापूर आणि तेथून महालक्ष्मी एक्सप्रेस, असा प्रवास करून दादरला उतरलो. सोबत एक वळकटी, स्टेथोस्कोप आणि मामींसाठी आईने दिलेला दोन शेर मसूर होता.

केईएमची वास्तू प्रथम पाहिली तेव्हा तिच्या भव्यतेपेक्षा तिच्या इतिहासाचे अप्रूप अधिक वाटले. १९२६ साली हे रुग्णालय सुरू झाले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली होती की, येथील अध्यापक वर्ग भारतीयच असावा. ब्रिटिश अमदानीत ही अट लहान नव्हती. रुग्णालयाला नाव मात्र सातव्या एडवर्ड राजाचे! पुढे एका रविवारी राणीच्या बागेत गेलो असता हे एडवर्ड महाराज काळ्या घोड्यावर बसलेले दिसले. १९६५ साली त्यांचा पुतळा फोर्टातून हलवून तेथे आणला होता. फोर्टातील त्या जागेला लोक आजही काळा घोडाच म्हणतात.

आम्ही इंटर्न एकूण नाना गावांचे होतो. माझ्या खोलीत एक सोलापूरचा, एक डोंबिवलीचा आणि एक अहमदाबादहून आलेला. माझ्या बोलण्यातील 'होय की', 'बस की', 'बघ की' यांवर पहिला महिना यथेच्छ हसणे झाले. डोंबिवलीकराने तर माझे नावच 'की' ठेवले. बेळगावात आम्हाला महाराष्ट्राचे समजत, मुंबईत कर्नाटकाचे. दोन्हीकडच्या लोकांना आमच्या गावचा नकाशा काढून दाखवण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असेल. परंतु याच सीमेवरच्या भाषेने एक सोय केली. माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांची उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग नावाची १९४२ पासूनची खानावळ आहे. तेथे मी वाढप्याशी कानडीत दोन शब्द बोललो आणि आमच्या चौघांच्या पानांत सांबार दुसऱ्यांदा आपणहून आले. त्या दिवसापासून माटुंग्याला जाताना मला पुढे करण्याची प्रथा पडली.

कानडीचा खरा उपयोग मात्र अपघात विभागात झाला. एका रात्री विजापूरकडचे एक बांधकाम मजूर जोडपे आले. नवऱ्याला खोकल्यातून रक्त पडत होते. बाई प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून 'हां, हां' म्हणत होती. मी कानडीत विचारले तेव्हा तिने पदराची गाठ सोडून क्षयाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे दाखवली. शहरातील कुठल्याशा दवाखान्यात त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्या संपल्यावर पुन्हा यायचे असते हे तिला समजेल अशा भाषेत कोणी सांगितले नव्हते. गोळ्या संपल्या म्हणजे रोग संपला, असा तिचा सरळ हिशेब होता. माझी कानडी निपाणीच्या बाजारातली, व्याकरणाची वजाबाकी करून उरलेली. पण त्या रात्रीनंतर कानडी रुग्ण आला की मला निरोप येई.

करमणुकीच्या बाबतीत ते वर्ष भाग्याचे होते. ऑगस्टमध्ये मरीन लाइन्सच्या लिबर्टी चित्रगृहात 'हम आपके हैं कौन' लागला. त्या राजेशाही थिएटरात शिरताना आपण लग्नालाच आलो आहोत असे वाटे. परळच्या दामोदर नाट्यगृहात आणि दादरच्या शिवाजी मंदिरात नाटके पाहिली. 'ऑल द बेस्ट' हे नाटक त्या वर्षी गर्दी खेचत होते आणि त्याची तिकिटे मिळवणे हे कोठलीही शस्त्रक्रिया मदतनीस म्हणून मिळवण्यापेक्षा अवघड होते. विद्यावेतन तुटपुंजे असल्याने आमची मुख्य चैन म्हणजे बेस्टच्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पहिली बाके. (ती जुनी डिझेलची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली, हे वाचून त्या दिवशी मी सोलापूरच्या मित्राला मुद्दाम फोन केला.) मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पुढच्या आयुष्याचे बेत झाले. त्यांतले फार थोडे पार पडले, ते असो.

एका रविवारी आम्ही घारापुरीला गेलो. गेटवेपासून लाँचने तासभर. तेथील त्रिमूर्तीसमोर आमचा अहमदाबादकर मित्र अर्धा तास एक शब्द न बोलता उभा राहिला. एरवी तो गप्प बसल्याचे मला आठवत नाही. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती मात्र बेटावर नाही. तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

हे संग्रहालय प्रत्येक मराठी डॉक्टराने एकदा पाहावे असे माझे मत आहे. ते १८७२ साली व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने खुले झाले आणि १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. आम्ही गेलो तेव्हा ते अंधारे आणि धुळकट होते. जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा उघडले आणि आता झळाळते आहे. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील पेडणे भागाचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीचे ते पदवीधर. कुष्ठरोगावर उपचार शोधणारा, गरिबांना औषध देणारा हा वैद्य उरलेल्या वेळात शिलालेख वाचत असे. आमचे एक प्राध्यापक 'उरलेला वेळ' या शब्दांवर हसत. इंटर्नला उरलेला वेळ असतो, हे त्यांना मान्यच नव्हते.

ही झाली मित्रांबरोबर पाहिलेली मुंबई. दुसरी मुंबई मला मामांनी दाखवली.

मामा लालबागच्या एका चाळीत राहत. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यातील माणसे दोन-तीन पिढ्या गिरण्यांत कामाला गेली, त्यांतले ते एक. एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात त्यांनी बावीस वर्षे काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि मामा पुन्हा कामावर गेले नाहीत. घर चालले ते मामींच्या खानावळीवर. गिरणगावातील खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने बांधली होती. बँकेचे कर्ज मिळण्याची वाट त्यामुळे अशा बायकांना खुली झाली. मामींकडे बारा जण जेवत. कोकणातल्यांसाठी बोंबील, आमच्याकडच्यांसाठी भाकरी, खर्डा आणि मसुराची आमटी. मी तेरावा. "डॉक्टर झालास तरी ताट आपलं आपण घासायचं बघ," असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले.

मामांची स्थलदर्शनाची पद्धत वेगळी होती. बसला पैसे घालवणे त्यांना पटत नसे, म्हणून सगळे पायी. आणि थोडे चालले की ते थांबत. दम लागला असे म्हणत नसत. समोरच्या चिमणीकडे बोट दाखवून त्या गिरणीची हकिकत सांगू लागत. कोणत्या गिरणीचे धोतर नावाजलेले, कोठला भोंगा किती वाजता होई, कोणत्या फाटकावर कोणाची सभा झाली. त्या चिमण्यांपैकी बहुतेकींतून तेव्हा धूर येत नव्हता. हकिकत संपेपर्यंत त्यांचा श्वास जागेवर येई आणि आम्ही पुढे निघत असू. मोठ्या शहराचे असे दर्शन कोणत्याही पर्यटन मंडळाने घडवले नसते.

एकदा ते मला हुतात्मा चौकात घेऊन गेले. फ्लोरा फाउंटनचे शिल्प मी डोळे भरून पाहत होतो, त्यांनी मला हाताला धरून स्मारकाकडे वळवले. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या नामावलीत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचे नाव आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा बेळगाव-निपाणी बाहेर राहिले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मामा फार काही बोलले नाहीत. "आपल्या गावचं माणूस हितं हाय," एवढेच म्हणाले आणि विडी पेटवण्यासाठी जरा लांब जाऊन उभे राहिले.

त्या वर्षी ९ सप्टेंबरला गणपती बसले. लालबागचा उत्सव म्हणजे काय हे चाळीच्या गॅलरीतून दहा दिवस पाहिले. विसर्जन होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. ज्या रोगाचे नाव आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते तो रोग आता गुजरातकडून येणाऱ्या गाडीत बसून मुंबईत उतरेल की काय, अशी धास्ती पसरली. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लीन दोन दिवसांत संपले. संशयित रुग्ण आर्थर रोडच्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवले जात. मामींच्या खानावळीत बारापैकी सात जण गावी पळाले. मामी मात्र शांत होत्या. "आमच्या आजीनं पिलेगात घर सोडून माळावर झोपडी बांधली हुती," असे सांगत त्या भाकऱ्या थापत राहिल्या.

त्याच दिवसांत मी केईएमजवळच्या हाफकिन संस्थेत गेलो. ही वास्तू एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या या जागेत आली. हुबळीच्या बाजूला १८९८ मध्ये ही लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली होती. हे सारे वाचत उभा असताना मला आठवला तो टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो. बेळगावात पाच वर्षे त्या मैदानावर आम्ही क्रिकेट खेळलो. तेथे एके काळी वासरांपासून देवीची लस तयार होत असे, याचा विचार कधी मनात आला नव्हता. घरचे देऊळ पाहायला कोणी जात नाही, तसेच काहीसे!

आता मामांच्या दम्याकडे येतो. त्यांच्याजवळ एका दवाखान्याचा जुना कागद होता. त्यावर लिहिले होते: दमा, विडी ओढतात. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या. छातीच्या विकारांच्या विभागात माझी पाळी आली तेव्हा कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसविषयी वरिष्ठांकडून ऐकायला मिळाले. केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या हवेवर आणि गिरणी कामगारांच्या फुप्फुसांवर मोलाचे काम केले होते, त्याचा वारसा तेथे होता. या रोगाची खूण क्ष-किरण चित्रात सापडत नाही, ती रुग्णाच्या तोंडून काढावी लागते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडा सरेल तसे बरे वाटते. काही वर्षांनी दुसरा दिवस, मग तिसरा, आणि शेवटी रोजच. कार्डिंग खात्यात धूळ सर्वांत जास्त.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारले, "मामा, गिरणीत असताना छाती कोणत्या वारी जास्त भरायची?"

मामांचा घास हातातच राहिला. "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी की. तुला कसं ठावं?" मग म्हणाले, "खात्यात सगळ्यांनाच व्हायचं. आम्हाला वाटायचं, सुट्टीला जास्त जेवलो म्हणून."

मी त्यांना विभागात नेले. श्वासमापन चाचणी झाली. निकाल वाईट होता, इतक्या वर्षांनंतर तो चांगला असण्याचे कारणही नव्हते. वरिष्ठांनी कागदावर कार्डिंग खात्यातील बावीस वर्षे स्वच्छ अक्षरांत लिहिली. हा विकार कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा भरपाईसाठी खटपट करावी, असेही सांगितले. खटपट केली. ज्या गिरणीत ते होते तिच्या दफ्तरात त्यांच्या खात्याची नोंदच सापडेना. तीन फेऱ्यांनंतर मामांनी ते कागद एका फाइलीत घातले आणि फाइल ट्रंकेत ठेवली. विडी मात्र त्यांनी सोडली, आणि तीही माझ्या व्याख्यानाने नव्हे. त्याला कारण झाला तो टाटा रुग्णालयाचा फुटपाथ.

टाटा स्मारक रुग्णालय केईएमच्या शेजारीच, १९४१ पासूनचे. त्या फुटपाथवर बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक चादरी अंथरून राहत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तो नशीबवान. मी रोज त्या रस्त्याने जात असे. गालाला भोक पडलेली, जबडा काढलेली, नळीने दूध घेणारी माणसे. एकदा मामा मला डबा द्यायला आले असता एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याशी बोलू लागले. सांगलीकडचे शेतकरी होते. गाव विचारल्यावर मामांनी निपाणी सांगितले. त्या गृहस्थांचे तोंड पट्टीने बांधलेले, उच्चार नीट होत नव्हते. पण ते जे म्हणाले ते आम्हा दोघांनाही समजले: निपाणीची तंबाखू चांगली असते.

आपल्यापैकी जे निपाणीचे आहेत त्यांना तंबाखूविषयी लिहिणे किती अवघड आहे हे ठाऊक आहे. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांची फी तंबाखूतून भरली गेली. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसे गेली. तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या गल्लीत चुली पेटल्या नव्हत्या. त्या पिकाचा पहिला टप्पा मी लहानपणापासून पाहिला होता, शेवटचा टप्पा परळच्या फुटपाथवर पाहिला. मधला टप्पा अजून पाहायचा होता, तो गावी परतल्यावर दिसला.

१९९५ साली इंटर्नशिप संपली. पुढे शिकण्यासाठी मुंबईत राहावे असे मित्रांचे मत होते. मामींचेही होते. मी दोन वर्षे इतरत्र नोकरी करून निपाणीत दवाखाना टाकला. केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली 'काम' असा रकाना छापून घेतला. छापणाऱ्याने दोनदा विचारले, हे कशाला? व्यवसायाचा प्रश्न रुग्णाला विचारावा, हे इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवले आहे. मला तो धडा मामांच्या ताटाशेजारी मिळाला.

त्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येऊ लागला: वखार. तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, मिसळणाऱ्या बायका. खोकला, शिंका, मळमळ, चक्कर, झोप नाही. आधीच्या कागदांवर बहुधा 'अशक्तपणा' आणि टॉनिक. एकदा मी स्वतः एका वखारीत जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी आणि घशात आग. बायका नाकातोंडाला जुन्या साडीचे फडके बांधून बसल्या होत्या. माझी अवस्था पाहून त्या हसल्या. त्यांतल्या एकीने मला बाहेर ओट्यावर बसवून गूळ-पाणी दिले. नंतर काही वखारमालकांनी ऐकले, काहींनी ऐकले नाही. खिडक्या थोड्या वाढल्या. गरोदर बायकांना चाळणीपासून दूर बसवणे दोन ठिकाणी जमले. मोठे काही घडले असे मी म्हणणार नाही, आणि तंबाखूला पर्याय देणारे पीक सुचवा असे मला विचारले तर माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

मामा २००७ साली गेले. शेवटपर्यंत चालताना थांबत आणि थांबले की काही तरी हकिकत सांगत. त्यांच्या पश्चात ती फाइल मामींनी माझ्याकडे पाठवली, 'तुझ्या कामाची असंल' म्हणून. २०१२ च्या जूनमध्ये गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली. त्याआधी अर्जासाठी पुरावे हवे होते तेव्हा मामींनी फाइल परत मागवली. त्यात गिरणीचे ओळखपत्र आणि विम्याचे कार्ड निघाले. दफ्तरात नसलेला मामांचा तिकीट नंबर त्या कार्डावर शाईने लिहिलेला होता. मामींनी ते दोन कागद ठेवून घेतले, अर्ज भरला. जवळजवळ सात हजार घरांच्या त्या सोडतीत त्यांचे नाव आले नाही. पुढच्या सोडतींतही आले नाही. अर्ज लाखाहून अधिक, घरे थोडी. श्वासमापनाचा आलेख मात्र त्यांच्या उपयोगाचा नव्हता. तो त्यांनी घडी घालून एस.टी.ने आलेल्या गावच्या माणसाबरोबर मला परत पाठवला, सोबत बोंबलाच्या चटणीची बाटली होती.